विश्लेषण: सोलर स्पोर्ट्स वॉच खरंच उन्हावर चालतं का? 'अनलिमिटेड बॅटरी'मागचं गणित काय?

सह्याद्रीतले ट्रेकर असोत, मॅरेथॉनची तयारी करणारे धावपटू असोत, की सुट्टीच्या दिवशी शंभर-दोनशे किलोमीटर सायकल मारणारे हौशी सायकलस्वार. आता अनेकांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ दिसतं. अंतर, वेग, हृदयाचे ठोके, चढाई, परतीची वाट असं सगळं त्यात असतं. आणि या सगळ्यांची एक तक्रार हमखास सारखी असते, ती म्हणजे चार्जिंगची.

त्यावर उत्तर म्हणून गेल्या काही वर्षांत सोलर चार्जिंगची घड्याळं आली. जाहिरातीत बॅटरीच्या आकड्यापुढे 'सोलरसह' असं लिहून दुसरा, बराच मोठा आकडा दिलेला असतो. काही मॉडेल्सच्या पुढे तर थेट 'अनलिमिटेड' हा शब्द आहे. अमेरिकेत गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ बाजारात आलं तेव्हा साध्या मॉडेलची किंमत ३४९.९९ डॉलर होती आणि सोलर मॉडेलची ४४९.९९ डॉलर. म्हणजे उन्हासाठी १०० डॉलर जास्त.

हे पैसे वसूल होतात का? घड्याळ उन्हावर किती चालतं? आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढग असताना याचा उपयोग किती? कंपन्यांनीच दिलेले आकडे नीट मांडले, तर याची उत्तरं मिळतात.

सोलर घड्याळ ही नवी गोष्ट आहे का?

नाही. जपानच्या सिटिझन कंपनीने काटे असलेलं सौरघड्याळ १९७६ मध्येच आणलं होतं. कॅसिओची 'टफ सोलर' घड्याळंही अनेकांनी वापरली आहेत. ही घड्याळं वर्षानुवर्षं चार्जरशिवाय चालतात, कारण त्यांना वीज लागतेच अगदी थोडी. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची गरज मायक्रोवॅटमध्ये, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागात मोजली जाते. टेबलावरच्या दिव्याचा उजेडही त्याला पुरतो.

जीपीएस घड्याळाचं तसं नाही. त्याला उपग्रहांचे सिग्नल पकडायचे असतात, मनगटावर प्रकाश टाकून नाडी मोजायची असते, फोनशी ब्लूटूथने बोलायचं असतं. समजा, एखाद्या घड्याळाची बॅटरी ४०० मिलीअँपिअर-तासांची आहे आणि जीपीएस चालू ठेवल्यावर ती ६० तास टिकते. मग त्या घड्याळाला सतत सुमारे २५ मिलीवॅट लागतात. क्वार्ट्झ घड्याळाच्या तुलनेत ही गरज हजारो पट आहे. त्यामुळे 'माझं जुनं सोलर घड्याळ दहा वर्षं चार्ज केलं नाही' हा अनुभव खरा असला, तरी तो इथे लागू होत नाही.

कॅसिओने २०२० मध्ये जीपीएस आणि हृदयगती मोजणारं जी-शॉक जीबीडी-एच१००० आणलं, तेव्हा त्यात सोलरबरोबर यूएसबी चार्जिंगही दिलं. वेळ दाखवण्यासारख्या कामांना ऊन पुरतं, पण जीपीएस आणि नाडी मोजायची तर केबल लागतेच.

काचेखाली नेमकं काय असतं?

गार्मिनने ऑगस्ट २०१९ मध्ये फेनिक्स ६एक्स प्रो सोलर आणलं. सोलर चार्जिंग असलेलं हे कंपनीचं पहिलं घड्याळ. त्यात दोन प्रकारे ऊन पकडलं जातं. डिस्प्लेच्या कडेने सौरपेशींची एक बारीक रिंग असते, आणि डिस्प्लेवरच्या काचेत अर्धपारदर्शक सौर थर असतो.

यात एक अडचण आहे. अर्धपारदर्शक थराने जास्त ऊन शोषलं, तर डिस्प्ले अंधूक दिसतो. डिस्प्ले स्वच्छ हवा असेल, तर थर कमी ऊन शोषतो. म्हणून २०२४ मध्ये आलेल्या एंड्युरो ३ सारख्या नव्या मॉडेलमध्ये गार्मिनने डिस्प्लेवरचा थर काढून टाकला आणि कडेच्या रिंगवर भर दिला.

जागा मात्र थोडीच आहे. १.४ इंच व्यासाच्या डिस्प्लेचं क्षेत्रफळ सुमारे १० चौरस सेंटिमीटर भरतं. घराच्या छतावर बसवतात त्या एका सोलर पॅनेलचं क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर असतं, म्हणजे या डिस्प्लेच्या दोन हजार पट. भर दुपारच्या कडक उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. म्हणजे घड्याळाच्या डिस्प्लेवर पडते फक्त एक वॅट. तिथे सगळीकडे २० टक्के कार्यक्षमतेच्या सौरपेशी लावल्या, तरी हाती २०० मिलीवॅट लागतील. प्रत्यक्षात बरीच जागा डिस्प्लेला द्यावी लागत असल्याने मिळणारी वीज याहून खूपच कमी असते.

कंपन्या नेमका काय दावा करतात?

गार्मिनच्या काही मॉडेल्सचे आकडे पाहू. पहिला आकडा सोलरशिवाय, दुसरा सोलरसह.

- फेनिक्स ६एक्स प्रो सोलर (२०१९): रोजच्या वापरात २१ दिवस आणि २४ दिवस, जीपीएसवर ६० तास आणि ६६ तास
- इन्स्टिंक्ट २ सोलर (२०२२): रोजच्या वापरात २८ दिवस आणि 'अनलिमिटेड', जीपीएसवर ३० तास आणि ४८ तास
- एंड्युरो ३ (२०२४): रोजच्या वापरात ३६ दिवस आणि ९० दिवस; जीपीएसवर १२० तास आणि ३२० तास

सुंटो व्हर्टिकलच्या सोलर मॉडेलचा दावाही असाच आहे. सर्वात अचूक जीपीएस मोडमध्ये ६० तास, आणि सोलरसह ८५ तासांपर्यंत.

पाच वर्षांत मोठी प्रगती झाली, हे या आकड्यांवरून दिसतं. पण गार्मिनच्या प्रत्येक सोलर आकड्याखाली बारीक अक्षरात एक अट असते. रोजच्या वापराच्या आकड्यासाठी घड्याळ दिवसभर हातात हवं, आणि रोज तीन तास ५० हजार लक्सच्या उजेडात हवं. जीपीएसच्या आकड्यासाठी तर पूर्ण वेळ ५० हजार लक्स गृहीत धरलेलं असतं.

५० हजार लक्स म्हणजे किती ऊन?

लक्स हे उजेड मोजण्याचं एकक आहे. निरभ्र आकाश आणि डोक्यावर सूर्य असेल, तर उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली तो ३०० ते ५०० लक्स भरतो. ढगाळ दिवशी बाहेरचा उजेड साधारण १० हजार लक्सच्या घरात असतो, आणि काळे ढग दाटून आले की आणखी खाली जातो.

म्हणजे ५० हजार लक्स हा काही अशक्य आकडा नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर ते मे या काळात दुपारी उघड्यावर तो सहज मिळतो. प्रश्न आहे तो घड्याळावर किती पडतो याचा.

धावताना हात कोपरात दुमडलेला असतो आणि घड्याळाचं तोंड आकाशाकडे नसून बाजूला असतं. सूर्यकिरण काचेवर सरळ न पडता ६० अंशांनी तिरपे पडले, तर ऊर्जा निम्म्यावर येते. त्यात उन्हापासून बचाव म्हणून फुल बाह्यांचा टी-शर्ट घातला की घड्याळ झाकलंच गेलं. जंगलातली वाट असेल, तर वर झाडांची सावली. सायकलस्वाराचं गणित थोडं बरं असतं, कारण हँडल धरल्यावर मनगटाची वरची बाजू बराच वेळ आकाशाकडे असते.

एका तासाच्या उन्हात बॅटरी किती टक्के वाढते?

जाहिरातीत हा आकडा सहसा दिसत नाही, पण दिलेल्या दाव्यांवरूनच तो काढता येतो.

एंड्युरो ३ सोलरशिवाय ३६ दिवस चालतं. म्हणजे दिवसाला सुमारे २.८ टक्के बॅटरी खर्च होते. सोलरसह ते ९० दिवस चालतं, म्हणजे बॅटरीतून जाणारा खर्च दिवसाला १.१ टक्क्यावर येतो. उरलेले १.७ टक्के तीन तासांच्या उन्हाने दिले. म्हणजे तासाला सुमारे ०.५६ टक्के.

आता जीपीएसचा आकडा घेऊ. १२० तास म्हणजे तासाला ०.८३ टक्के खर्च. ३२० तास म्हणजे तासाला ०.३१ टक्के. फरक ०.५२ टक्के. दोन वेगळ्या दाव्यांमधून जवळपास एकच उत्तर येतं: चांगल्या उन्हात तासाला साधारण अर्धा टक्का.

हीच रीत फेनिक्स ६एक्सला लावली, तर तासाला ०.१५ ते ०.२ टक्के येतात. इन्स्टिंक्ट २ सोलरमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास. अर्थात, बॅटरी लहान असेल तर तेवढ्याच विजेने टक्केवारी जास्त वाढते. त्यामुळे या टक्क्यांवरून वेगवेगळ्या मॉडेल्सची थेट तुलना करता येणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. निव्वळ उन्हावर शून्यापासून शंभर टक्के चार्ज करायचं ठरवलं आणि घड्याळाचा स्वतःचा खर्च बाजूला ठेवला, तरी इन्स्टिंक्ट २ ला सुमारे ८० तास कडक ऊन लागेल, एंड्युरो ३ ला २०० तासांच्या आसपास, आणि फेनिक्स ६एक्सला ५०० तासांहून जास्त.

टाकीतून नळ सतत वाहतोय आणि वरून बारीक धारेने थोडं पाणी पडतंय, असं हे चित्र आहे. टाकी भरत नाही, रिकामी व्हायला जास्त वेळ लागतो. 'अनलिमिटेड'चा अर्थही एवढाच, की खाली जाणारं पाणी इतकं कमी आहे की वरची धार त्याला पुरून उरते. इन्स्टिंक्ट २ ला रोज सुमारे साडेतीन टक्के बॅटरी लागते, आणि तीन तासांच्या उन्हात तेवढी भरून निघते. जीपीएस सुरू केलं की नळ मोठा होतो आणि 'अनलिमिटेड' संपतं. त्याच घड्याळाचा सोलरसह जीपीएसचा आकडा ४८ तासांचाच आहे.

मग प्रत्यक्ष वापरात काय होईल?

तीन उदाहरणं घेऊ. घड्याळ तिन्हींमध्ये एंड्युरो ३ आणि उन्हाचा दर तासाला अर्धा टक्का.

पहिलं उदाहरण पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराचं. पहाटे अंधारात धावणं, मग लोकल किंवा बस, मग दिवसभर ऑफिस. दुपारच्या चहाला बाहेर पडल्यावर घड्याळाला मिळालं तर १५ मिनिटं खरं ऊन. कंपनीच्या अटीतल्या तीन तासांचा हा बारावा भाग. ३६ दिवसांचे होतात ३८. या व्यक्तीसाठी सोलर असून नसून सारखंच.

दुसरं उदाहरण जुलैतल्या सह्याद्रीचं. आकाश ढगांनी भरलेलं, उजेड १० हजार लक्स. सौरपेशीला मिळणारी ऊर्जा साधारण उजेडाच्या प्रमाणात कमी होते, असं धरलं तर तासाला ०.१ टक्का. दहा तासांच्या ट्रेकमध्ये सोलरने मिळवून दिला एक टक्का, आणि तोही घड्याळ रेनकोटच्या बाहीखाली गेलं नाही तर. याच दहा तासांत जीपीएसने खाल्ले आठ टक्क्यांहून जास्त.

तिसरं उदाहरण हिमालयातल्या लांब ट्रेकचं. दिवसाला आठ तास चाल, तेवढा वेळ जीपीएस चालू, बाकी वेळ घड्याळ साध्या मोडमध्ये. दिवसाचा खर्च सुमारे साडेआठ टक्के. सोलरशिवाय बॅटरी ११ ते १२ दिवस टिकेल. झाडं नसलेल्या उंच भागात घड्याळाला दिवसाला पाच तास चांगलं ऊन मिळालं, तर अडीच टक्के परत येतात आणि बॅटरी १६ ते १७ दिवस जाते. हा फरक खरा आहे. चौदा दिवसांच्या ट्रेकमध्ये शेवटच्या दोन दिवशी घड्याळ बंद पडणं आणि घरी पोहोचेपर्यंत चालू राहणं यातला हा फरक आहे.

'३२० तास' कधी मिळतील?

३२० तास म्हणजे १३ दिवसांहून जास्त. इतका काळ सलग ५० हजार लक्स ऊन पृथ्वीवर कुठेच मिळत नाही, कारण रोज रात्र होते. आणि उत्तर ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य मावळत नसला, तरी तो क्षितिजाजवळ असतो आणि ऊन मंद असतं.

जीपीएस चोवीस तास चालू आहे आणि दिवसातून सहा तास ५० हजार लक्स ऊन मिळतंय, असं धरून हिशेब केला तर १२० तासांचे होतात सुमारे १४२. म्हणजे जवळपास एक दिवस जास्त. अनेक दिवस चालणाऱ्या अल्ट्रामॅरेथॉनच्या धावपटूसाठी हा दिवस महत्त्वाचा आहे. पण १४२ आणि ३२० मध्ये दुपटीहून जास्त अंतर आहे.

घड्याळ उन्हात ठेवून चार्ज करावं का?

उन्हात घड्याळ तापतं, आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. घड्याळाचं आतलं तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, की सोलर चार्जिंग आपोआप थांबतं, असं गार्मिनच्या माहितीपुस्तिकेतच म्हटलं आहे. मे महिन्यात विदर्भात घड्याळ गच्चीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं, तर चार्जिंग होण्यापेक्षा बॅटरीचं आयुष्य कमी होण्याची शक्यता जास्त. काच बंद केलेल्या गाडीत तर ते टाळावंच. गोठणबिंदूखालच्या थंडीतही लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणं तिच्या प्रकृतीला चांगलं नसतं.

सोलरचा एक फायदा मात्र जाहिरातीत फारसा येत नाही. लिथियम बॅटरी जितक्या वेळा रिकामी होऊन भरते, तितकी ती हळूहळू दुबळी होते. या घड्याळांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येत नाही. वर्षभर बाहेर काम करणाऱ्या माणसाची चार्जिंगची वेळ कमी वेळा येत असेल, तर बॅटरीही जास्त वर्षं साथ देऊ शकते.

सोलरपुढचं खरं आव्हान कोणतं?

ते आहे चकचकीत डिस्प्लेचं. सोलर मॉडेल्समध्ये साधारणपणे कमी वीज खाणारा, उन्हातच जास्त स्पष्ट दिसणारा डिस्प्ले असतो. ग्राहकांना मात्र फोनसारखा अ‍ॅमोलेड डिस्प्ले आवडतो. गार्मिनने ऑगस्ट २०२४ मध्ये फेनिक्स ८ आणि जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टिंक्ट ३ आणलं, तेव्हा दोन्हींमध्ये ग्राहकापुढे निवड ठेवली: अ‍ॅमोलेड घ्या, नाहीतर सोलर. सप्टेंबर २०२५ मधल्या फेनिक्स ८ प्रोमध्ये तर सोलरचा पर्यायच नाही. तिथे निवड आहे ती अ‍ॅमोलेड आणि मायक्रोएलईडी यांच्यात.

फेनिक्स ८ च्या ५१ मिलिमीटरच्या घड्याळात अ‍ॅमोलेड मॉडेलची बॅटरी २९ दिवसांची आहे, सोलर मॉडेलची उन्हाशिवाय ३० दिवसांची. अर्थात, अ‍ॅमोलेडचा डिस्प्ले सतत चालू ठेवला तर हा आकडा खूप घसरतो. दुसरीकडे कोरोससारख्या कंपनीने सोलरच्या वाटेला न जाता बॅटरीच मोठी केली. २०२१ मध्ये आलेल्या व्हर्टिक्स २ चा जीपीएसचा दावा १४० तासांचा होता, तोही कोणत्याही उन्हाशिवाय. एंड्युरो ३ ला रोज सहा तास ऊन दिल्यावर येतो, तेवढाच.

अशा दाव्यांबाबत भारतात नियम काय?

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जाहिरातीखालची सूचना मुख्य दाव्याला छेद देणारी नसावी आणि महत्त्वाची माहिती लपवणारी नसावी, असं त्यात म्हटलं आहे. घड्याळ कंपन्या ५० हजार लक्सची अट लपवत नाहीत. मात्र ठळक अक्षरात '३२० तास' आणि तळटीपेत 'लक्स' असं असेल, तर किती ग्राहकांना त्याचा अर्थ कळतो, हा प्रश्न उरतोच. घाटातल्या पायवाटेवर धुकं उतरतं तेव्हा परतीची वाट दाखवणारं हेच घड्याळ असतं. तिथे बॅटरीचा अंदाज चुकणं महागात पडू शकतं.

मग सोलर घड्याळ कोणी घ्यावं?

रोज तीन-चार तास उघड्यावर काढणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे: शेतकरी, वनरक्षक, सर्व्हेचं काम करणारे, ट्रेक लीडर, लांब पल्ल्याचे सायकलस्वार. आठ-दहा दिवसांच्या हिमालयीन मोहिमेवर वारंवार जाणाऱ्यांनाही. ज्यांचा व्यायाम पहाटे किंवा जिममध्ये होतो आणि दिवस ऑफिसात जातो, त्यांनी तेच पैसे मोठ्या बॅटरीच्या मॉडेलवर किंवा चांगल्या बुटांवर खर्च केलेले बरे.

खरेदी करताना 'सोलरसह' हा आकडा बाजूला ठेवून आधी सोलरशिवायचा आकडा बघा. तुमची सर्वात मोठी सफर तेवढ्यात पूर्ण होत असेल, तर घड्याळ तुम्हाला पुरेसं आहे आणि ऊन मिळालं तर तो बोनस. पूर्ण होत नसेल, तर सोलर असलं तरी सॅकमध्ये छोटी पॉवर बँक आणि घड्याळाची केबल ठेवा. आणि पावसाळ्यात गडावर निघताना घड्याळ आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करा.